मुलगी वायरलेस शिकायचं म्हणतेय, शिकू द्यावं का?

प्रश्न : माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे. माझं माहेर प्रयाग चिखलीचं. २०१९ च्या महापुरात दोन दिवस आई-दादांचा फोन लागला नव्हता. तेव्हाचे घरातले हाल तिनं लहानपणी पाहिलेत. आता कुठल्याशा कार्यक्रमात तिनं हॅम रेडिओ बघितला आणि तेव्हापासून एकच धोशा लावलाय : परवान्याची परीक्षा द्यायची, गच्चीवर तार बांधायची. तिचे वडील म्हणतात, मोबाईलच्या जमान्यात हे कशाला, बारावीचं नुकसान होईल. यात करिअर आहे का? – एक आई, कोल्हापूर

उत्तर : ताई, हॅम रेडिओ म्हणजे हौशी माणसांनी स्वतःच्या वायरलेस सेटवरून एकमेकांशी बोलणं. त्यावर पोट भरत नाही. हा परवाना हौशी केंद्राचा असतो आणि त्यावरून पैसे घेऊन किंवा धंद्यासाठी संदेश पाठवायला नियमानंच मनाई आहे. तरीही तिला अडवू नका, असंच मी सांगेन.

मोबाईल असताना हे कशाला, या तिच्या वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. मोबाईलचा टॉवर विजेवर चालतो. वीज गेली की काही तास बॅटरी, मग डिझेलचा जनरेटर. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. अशा वेळी टॉवरपर्यंत डिझेल नेणार कोण आणि कसं? हॅमच्या सेटला मधला टॉवर लागत नाही. गाडीची १२ व्होल्टची बॅटरी, एक सेट, एक तार, आणि पलीकडे तसाच दुसरा माणूस, एवढ्यावर बोलणं होतं.

आपल्या जिल्ह्यासाठी यातली एक गोष्ट फार मोलाची आहे. हातातला छोटा व्हीएचएफ (अतिउच्च वारंवारतेचा) सेट नदीकाठच्या सपाटीवर काही किलोमीटर चालतो. पन्हाळा-जोतिबासारख्या उंचीवर रिपीटर (आवाज पकडून पुन्हा पुढे पाठवणारं यंत्र) असेल तर बराच लांब जातो. पण गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीच्या डोंगरात त्या लहरी अडतात. तिथं ७ मेगाहर्ट्झचा, म्हणजे त्याहून कमी वारंवारतेचा, पट्टा उपयोगी पडतो. साधारण २० मीटरची तार फार उंच न नेता आडवी ताणली, की लहरी जवळजवळ सरळ आकाशात जातात आणि आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परतून दोन-तीनशे किलोमीटरच्या टापूत खाली उतरतात. डोंगर मध्ये येतच नाही. तुमच्या मुलीला गच्चीवर तार बांधायची आहे ती याचसाठी असणार. हे ती पुस्तकात वाचेल तेव्हा मार्कांपुरतं राहील. स्वतः तार कापून, बांधून, सांगलीचा किंवा साताऱ्याचा आवाज ऐकेल तेव्हा भौतिकशास्त्र तिच्या अंगात मुरेल.

पण यंत्रापेक्षा मला माणसाचं कसब मोठं वाटतं. ‘इथं खूप पाणी आलंय, लवकर या’ हा संदेश पुरात कुणाच्याच कामाचा नसतो. कुठली गल्ली, कुठल्या देवळामागे, किती माणसं, त्यात डायलिसिसचा रुग्ण आहे का, पाणी कितव्या पायरीला आलंय, किती वाजता पाहिलं, हे सांगावं लागतं. ते लिहून घ्यायचं, परत वाचून दाखवायचं आणि जसंच्या तसं पुढे द्यायचं. खरखरीत आवाजात ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ सारखेच ऐकू येतात, म्हणून ‘पाच-नऊ’ असं सुटं बोलायचं. एक जण नियंत्रण करतो, बाकीचे आपली पाळी येईपर्यंत गप्प ऐकतात. ही शिस्त तालमीतल्या मेहनतीसारखी आहे, रोज अंगात भिनवावी लागते. आणि संकटात कुणी आपला सेट घेऊन परस्पर धावायचं नसतं. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती कक्षाला आपली आधीपासून ओळख हवी.

डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली काही हॅम चालक अंदमानात पोर्ट ब्लेअरला केंद्र लावून बसले होते. जगभरच्या हौशी मंडळींशी बोलायला म्हणून ते तिथं गेले होते. २६ डिसेंबरला त्सुनामी आली, दळणवळण कोलमडलं आणि त्याच केंद्रावरून मुख्य भूमीकडे संदेश जाऊ लागले. केंद्र आधीच उभं होतं आणि चालवणारे हात सरावलेले होते, म्हणून ते जमलं. पुढाकार एका बाईचा होता, हे मुलीला जरूर सांगा.

आता करिअर. मुलीला ‘आपत्ती व्यवस्थापन’ हा शब्द भुरळ घालेल, पण बारावीनंतर लगेच त्या नावाच्या एखाद्या महागड्या खासगी कोर्सला पैसे भरू नका. आधी हातात पक्की विद्या हवी, आणि तिच्यासाठी ती इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन. गणित सोडू देऊ नका, सीईटी नीट द्यायला लावा. पदवीनंतर वाटा बऱ्याच आहेत. पोलिसांचा बिनतारी संदेश विभाग आहे, लष्कराची दळणवळण सांभाळणारी सिग्नल्स कोअर आहे (बारावीनंतर एनडीएही आता मुलींना खुली आहे), अँटेना आणि रेडिओ फ्रिक्वेन्सीचं काम करणाऱ्या कंपन्या आहेत. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीची महाकाय दुर्बीण रेडिओ लहरींवरच चालते. आपत्तीचं शिक्षण हवंच असेल तर पदव्युत्तर पातळीवर मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत तो विषय आहे. हॅमचा परवाना यातल्या कुठल्याही प्रवेशात गुण वाढवणार नाही. मुलाखतीत मात्र ‘तू स्वतः काय बनवलंस?’ असं विचारलं, तर तिच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असेल.

परीक्षा केंद्र सरकारचा दूरसंचार विभाग घेतो. वयाची किमान अट १२ वर्षं, म्हणजे ती कधीच पात्र झाली आहे. आधी रिस्ट्रिक्टेड ग्रेड (परवान्याची खालची पायरी) द्यावी. त्या ग्रेडला मोर्स (टिंब-रेघांची सांकेतिक लिपी) लागत नाही, वीज-चुंबकत्व, रेडिओची प्राथमिक माहिती आणि नियम एवढा अभ्यास पुरतो. जनरल ग्रेडला मिनिटाला ८ शब्दांच्या वेगानं मोर्स लागतं, ते बारावीनंतर. परीक्षेनंतर परवाना हातात पडायला महिने जातात, म्हणून अकरावीच्या सुट्टीतच अर्ज करून टाका. बारावीच्या वर्षात रविवारी एक तास, त्यापुढे नाही, हे तिच्याकडून आत्ताच कबूल करून घ्या. आणि परवाना येईपर्यंत फक्त ऐकायचं. ऑनलाइन मिळतो म्हणून स्वस्तातला वॉकीटॉकी घेऊन परवान्याशिवाय हॅमच्या पट्ट्यावर बोलणं हा गुन्हा आहे.

गच्चीवरच्या तारेला माझी हरकत नाही. ती महावितरणच्या तारांपासून लांब ठेवा, बांधताना वडिलांना सोबत उभं करा, आणि वळवाचा गडगडाट सुरू झाला की सेटपासून तार सोडवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.