खांदा सुजण्याआधी

सरपंचताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहाटे साडेपाचला पाण्याची मोटार जळल्याचा फोन, रात्री अकराला कुणाच्या तरी बांधाचं भांडण, आणि अडीच वर्षांत माहेरी एकही मुक्काम नाही. गेल्या महिन्यात रहिवासी दाखल्यासाठी तिसऱ्यांदा आलेल्या आजींवर तुम्ही चारचौघांत ओरडलात. त्या काही न बोलता काठी टेकत निघून गेल्या, आणि तेव्हापासून तुमची झोप उडाली आहे. तुम्ही विचारता, "लोकांनी निवडून दिलंय, मग सुट्टी घेणं म्हणजे गावाला फसवणं नाही का?"

नाही, ताई. सुट्टी न घेतल्याची किंमत त्या आजींनी मोजली. थकलेल्या माणसाला समोरचा माणूस दिसत नाही, आणखी एक काम तेवढं दिसतं.

पोळा आठवा. आदल्या संध्याकाळी बैलाचा खांदा हळद-तुपाने मळतात. सूज आहे का, कातडं सोललंय का, हे तेव्हा हाताला कळतं. दुसऱ्या दिवशी मानेवर जू ठेवत नाहीत. आणि बैल थकलाय का, हे विचारून तो दिवस ठरत नाही. अमावास्या ठरलेली असते. तुमचं तिथेच चुकतंय. "जरा कामं आवरली की घेईन विश्रांती" असं तुम्ही लिहिलंय. गावाची कामं कधी आवरतात का? रविवारची सुट्टीसुद्धा कामं आवरली म्हणून मिळालेली नाही. कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी काही वर्षं लढा दिला, तेव्हा कुठे १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या पदरात ती पडली.

तर वार ठरवा. बाजाराचा आणि मासिक सभेचा सोडून कुठलाही. मोटारीचा फोन त्या दिवशी पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला जाईल, दाखल्याचा ग्रामसेवकांना, बाकीचे उपसरपंचांना. हे पुढच्या मासिक सभेत सगळ्यांसमोर सांगा आणि फलकावर लिहून लावा. लपून घेतलेली सुट्टी विश्रांती देत नाही, सारखं दाराकडे लक्ष राहतं. तुमच्या गैरहजेरीत उपसरपंचांनी सभा चालवावी, तुम्ही सोपवलेली कामं करावीत, ही सोय ग्रामपंचायतीच्या कायद्यातच आहे. ते पहिल्यांदा चुकतील. चुकू द्या.

एक गोष्ट मात्र अगदी कळकळीने सांगते. त्या दिवशी फोन यजमानांच्या हातात देऊ नका. ते चांगले आहेत, मदत करतात, हे तुम्ही लिहिलंय आणि मला ते पटतं. तरीही नको. महिनाभरात लोक त्यांनाच विचारायला लागतील, आणि मग तुम्हाला सुट्टी नको, खुर्ची परत हवी असेल. बायकांच्या बाबतीत हे मी फार पाहिलंय.

पहिली सुट्टी माहेरी घालवा, मुक्कामाला जा. आईच्या हातचं जेवा, दुपारी झोपा. पहिल्या दिवशी झोप येणार नाही, हात सारखा फोनकडे जाईल. म्हणून उठून बसू नका. तरीही रात्रीची झोप परत आली नाही, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन डॉक्टरांना दाखवा, रक्तदाबही तपासून घ्या.

आजींकडे जायला मात्र सुट्टीची वाट बघू नका. आज संध्याकाळीच दाखला घेऊन त्यांच्या घरी जा. "आजी, त्या दिवशी माझं चुकलं" एवढंच म्हणा. त्या चहा टाकतील. घाई आहे म्हणू नका, बसा.

तुमची,
मावशी