रिपोर्ट शून्य आला, पण कशाचा?

सागर आणि प्राजक्ता (नावं बदलली आहेत) आले तेव्हा दोघांच्या मध्ये एक खुर्ची रिकामी होती. फाइल प्राजक्ताच्या मांडीवर. लग्नाला 3 वर्षं झालेली.

"मॅडम, तो रिपोर्ट आल्यापासून हा माझ्या जवळच येत नाही. मला झोप लागेपर्यंत बाहेर टीव्ही बघत बसतो."

रिपोर्ट वीर्यतपासणीचा होता. शुक्राणू : शून्य.

सागर आज 31 वर्षांचा. 17 व्या वर्षी त्याला हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, झाला होता. पिवळ्या पडलेल्या डिस्चार्ज कार्डावर केमोचं नाव सापडलं : सीओपीपी, 6 सायकल. त्यातली सायक्लोफॉस्फमाइड आणि प्रोकार्बझिन ही दोन औषधं शुक्राणू तयार करणाऱ्या पेशींना फार मारक. हॉजकिनसाठीच दिल्या जाणाऱ्या एबीव्हीडी या दुसऱ्या केमोनंतर मात्र बहुतेकांचे शुक्राणू पुन्हा तयार होऊ लागतात. म्हणून "कॅन्सर होऊन गेलाय, मूल होईल का?" असं कुणी विचारलं की मी आधी जुनी फाइल मागते. औषध कोणतं, किती दिलं, रेडिएशन कुठे दिलं, बोनमॅरो ट्रान्सप्लांट झालं का, यावर सगळं ठरतं.

केमोआधी वीर्य गोठवून ठेवता येतं, हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. 17 वर्षांचा मुलगा, शेजारी वडील. विषय काढायला सगळेच संकोचले असतील. तरीही मला याचा राग येतो. दोन वाक्यांचं काम होतं ते.

सागर बराच वेळ गप्प होता. मग मान खाली घालूनच म्हणाला, "म्हणजे मी पुरुष राहिलो नाही, असंच ना?"

मी कागदावर वृषणाचं चित्र काढलं. शुक्राणू बनवणाऱ्या पेशी वेगळ्या, टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या वेगळ्या. पहिल्या नाजूक, दुसऱ्या बऱ्याच चिवट. कामेच्छेचा संबंध या दुसऱ्यांशी. रिपोर्टातलं शून्य फक्त पहिल्यांचं होतं.

"रिपोर्टाआधी संबंधांत काही अडचण होती?"

"अजिबात नाही," उत्तर प्राजक्ताने दिलं आणि लाजली. सागरने पहिल्यांदाच तिच्याकडे बघितलं.

तरी खात्री हवी म्हणून सकाळच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन तपासायला सांगितलं. नॉर्मल आलं.

दुसऱ्या भेटीत मुलाचं बोललो. सूक्ष्मदर्शकाखाली शस्त्रक्रिया करून वृषणात कुठे शुक्राणू उरलेत का ते शोधता येतं. सापडले तर इक्सीने, म्हणजे प्रयोगशाळेत एकच शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडून, गर्भधारणेचा प्रयत्न करता येतो. काही जणांना सापडतात, काहींना नाही, हेही स्पष्ट सांगितलं. दात्याचे शुक्राणू, दत्तक हे मार्गही मांडले. "मुलालाही कॅन्सर होईल का?" ही सागरच्या आईची शंका होती. आनुवंशिक कॅन्सरची गोष्ट वेगळी. एरवी, बऱ्या झालेल्या रुग्णांच्या मुलांना केवळ त्या जुन्या उपचारांमुळे जास्त धोका असल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही.

शस्त्रक्रियेची तारीख पुढच्या महिन्यातली आहे. परवा दोघं आले तेव्हा फाइल सागरच्या हातात होती. मधे गणपतीपुळ्याला दोन दिवस राहून आलो, असं प्राजक्ता जाता जाता सांगून गेली.