गाठी उचलायचं यंत्र थांबू द्या, आधी ती ‘बचत योजना’ बघा

प्रश्न : माझ्याकडे ३२ एचएफ (होल्स्टिन जातीच्या) गाई आहेत, दिवसाचं दूध २५० लिटर. मुरघासाच्या आणि वाळलेल्या गवताच्या ४०० किलोच्या गोल गाठी विकत घेतो. त्या शेडमधून गव्हाणीपर्यंत ढकलायला चार माणसं लागतात. जुन्या पिकअपवर हायड्रॉलिक हात बसवून, गाडीसकट ९ लाखांचं कोटेशन मिळालंय. ते भाड्याने फिरवून महिन्याला ४० हजार सुटतील असं वर्कशॉपवाले म्हणतात. दुसरा पर्याय म्हणजे माझ्या ४५ एचपी ट्रॅक्टरला पुढे बसवायचा लोडर, सव्वातीन लाख. गोठ्याचं २२ लाखांचं कर्ज बाकी आहे, व्याज साडेअकरा टक्के. नव्या कर्जाची चिंता नाही, कारण ते कर्ज घेतानाच बँकेत बचत योजना चालू केली. वर्षाला ३ लाख भरतो, पाच वर्षांनी मोठी रक्कम येईल. दोन हप्ते भरलेत, तिसरा पुढच्या महिन्यात. वय ४१, दोन मुलं. गाईंचा विमा काढलेला नाही, क्लेम मिळत नाही म्हणतात. कोणतं यंत्र घेऊ? (एक दूध उत्पादक, संगमनेर तालुका)

उत्तर : यंत्राचं लगेच सांगतो, कारण त्याचा हिशेब सोपा आहे. ३२ गाईंना प्रत्येकी २५ किलो मुरघास धरला तर दिवसाला ८०० किलो, म्हणजे दोन गाठी. ९ लाखांचं कर्ज १२ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलंत तर हप्ता वीस हजार. दिवसाचे साडेसहाशे रुपये, एका गाठीमागे सव्वातीनशे. डिझेल आणि ड्रायव्हर वेगळा. लोडरचा हप्ता सव्वासात हजार, गाठीमागे १२० रुपये, आणि ट्रॅक्टर तुमच्या दारात उभाच आहे.

पिकअपला आणखी एक अडचण आहे. गाडीच्या मूळ रचनेत असा बदल आरटीओच्या मंजुरीशिवाय करता येत नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे. मंजुरी नाही, विमा कंपनीलाही कळवलेलं नाही, आणि हात उचललेला असताना गाडी कलंडून कोणाला लागलं, तर तो खर्च तुमच्या खिशातून जाईल. शिवाय त्या हाताचं वजन गाडीच्या भारक्षमतेतून वजा होतं. भाड्याच्या ४० हजारांचं म्हणाल, तर ज्याच्याकडे महिन्याला पन्नास-साठ गाठींचं काम आहे असा एक तरी गिऱ्हाईक आज लेखी तयार आहे का? नसेल तर तो आकडा कागदावरून खोडा.

मला विचाराल तर लोडरही आत्ता नको. ट्रॅक्टरच्या मागच्या लिफ्टला बसणारा सुळा (गाठीत घुसवून ती उचलायचा लोखंडी दांडा) गावातला चांगला फॅब्रिकेटर काही हजारांत करून देईल. ४५ एचपीच्या लिफ्टला ४०० किलो जड नाहीत. उंच थप्पी लागणार नाही, एवढीच उणीव. एक मात्र सांभाळा : प्लास्टिक गुंडाळलेल्या मुरघासाच्या गाठीत सुळा फक्त ती गाठ त्याच दिवशी फोडायची असेल तेव्हाच घाला. भोक पडलं की हवा शिरते, आणि तीन-चार दिवसांत त्या भोकाभोवती बुरशी धरते.

आता जे तुम्ही विचारलं नाहीत, त्याकडे येतो.

पत्रासोबत तुम्ही त्या योजनेच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवलात, हे फार बरं केलंत. ती बचत योजना नाही, आयुर्विम्याची एंडोमेंट पॉलिसी आहे, म्हणजे विमा आणि मुदतीनंतर ठरावीक रक्कम एकत्र. पानावर स्वच्छ लिहिलंय : हप्ते १० वर्षं, मुदत १५ वर्षं, विमा ३० लाख, मुदतीनंतर ४५ लाख. पाच वर्षांचा उल्लेख कुठेही नाही. सगळा मजकूर इंग्रजीत आणि खाली तुमची मराठीत सही. कर्ज मंजूर करणाऱ्याच टेबलावर हा कागद पुढे सरकवला गेला, आणि कर्ज अडायला नको म्हणून तुम्ही सही केलीत. अशी पत्रं मला इतकी येतात की राग येतो. कर्ज देण्यासाठी पॉलिसीची सक्ती करायचा बँकेला अधिकार नाही.

तीस लाख भरून पंधरा वर्षांनी पंचेचाळीस, म्हणजे दीडपट, ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात हा परतावा वर्षाला चार टक्क्यांच्याही किंचित खाली पडतो. त्याच वेळी तुम्ही गोठ्याच्या कर्जावर साडेअकरा टक्के भरताय. म्हणजे साडेअकराने उसने घेऊन चारने दुसऱ्याला दिल्यासारखं झालं.

‘पण सहा लाख भरलेत, ते बुडतील ना?’ काही बुडतील, हे खरं. कंपनीकडून आजची सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडली तर मिळणारी रक्कम, लेखी मागवा. समजा निम्मे, तीन लाख मिळाले. हे तीन सोडून पुढे आणखी आठ हप्ते भरलेत तर तेरा वर्षांनी पंचेचाळीस मिळतील, म्हणजे इथून पुढचा परतावा साधारण पाच टक्के. गेलेले तीन लाख धरून बसण्यासाठी आणखी चोवीस लाख पाच टक्क्यांवर अडकवायचे का? मी अडकवणार नाही. सरेंडरचे तीन आणि वाचलेल्या हप्त्याचे तीन असे सहा लाख कर्जात भरलेत तर वर्षाला ६९ हजार व्याज वाचतं. तेवढ्यात सुळा येतो आणि बराच पैसा उरतो.

क्रम मात्र चुकवू नका. आधी एक कोटीचा टर्म इन्शुरन्स घ्या, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा निव्वळ विमा. तुमच्या वयाला, तंबाखू-सिगारेट नसेल तर, साठीपर्यंतच्या कव्हरला वर्षाला वीस-पंचवीस हजारांच्या आसपास लागतील. वैद्यकीय तपासणी होऊन ती पॉलिसी हातात आली की मगच जुनी सोडा. आज तुमच्यामागे २२ लाख कर्ज आणि ३० लाख विमा. कर्ज फिटल्यावर बायको-मुलांना आठ लाख उरतात, आणि गोठ्यात ३२ गाई.

फसवून विकल्याची तक्रार आधी कंपनीकडे लेखी करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. पुण्यात कार्यालय आहे, फी लागत नाही, वकीलही लागत नाही. ‘पाच वर्षांत’ असं सांगणारा एखादा मेसेज फोनमध्ये असेल तर पुसू नका.

गाईंचा विमा. क्लेम मिळत नाही हे बऱ्याचदा कानातल्या बिल्ल्यामुळे होतं : बिल्ला पडतो, नवा मारून कंपनीला कळवलं जात नाही, आणि मेलेली गाय तीच होती हे सिद्ध होत नाही. उद्या सकाळी धारेच्या वेळी बत्तीसही कान बघा. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२४ मध्ये शेतकऱ्याचा हप्त्यातला वाटा १५ टक्क्यांवर आणला गेला. तुमच्या तालुक्यात सध्या नोंदणी चालू आहे का, हे पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. गाय ८० हजारांची धरली तर गोठ्यात पंचवीस लाखांचा माल विम्याविना उभा आहे. लम्पी रोगाच्या साथीत मेलेल्या दुभत्या गाईमागे सरकारी मदत ३० हजार होती.

शेवटचं, दुधाच्या दराबद्दल. पत्रासोबतच्या तुमच्या हिशेबाच्या वहीत पाचही वर्षं लिटरला ३८ रुपये धरलेत. जुलै २०२३ मध्ये गाईच्या दुधाला ३४ रुपये ठरले होते. त्या वर्षाअखेर दर २७ च्या आसपास घसरला आणि जानेवारी २०२४ पासून सरकारला ५ रुपये अनुदान द्यावं लागलं. तुमच्या २५० लिटरवर एक रुपया घसरला की वर्षाचे ९१ हजार जातात. २८ रुपये धरून तोच हिशेब पुन्हा मांडा आणि गोठ्याचा हप्ता त्यातून निघतो का, ते मला कळवा. निघत असेल तर वर्षभराने लोडरचा विचार करू. पुढच्या महिन्यातला तीन लाखांचा हप्ता बँकेच्या खात्यातून आपोआप कापला जात असेल, तर टर्म पॉलिसीसाठीचा अर्ज आजच भरा. हाती दिवस थोडे आहेत.