राजीनामा दिला, पण बाँडवरची सही उरली

अमळनेर तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आहे. वृद्धाश्रम चालवणाऱ्या एका संस्थेचे ते सचिव होते. २०१९-२० मध्ये संस्थेला केंद्राचं अनुदान मिळालं. त्या वर्षी शेतकऱ्यांनी ज्वारी-गहू पोत्यांनी आणून दिला, म्हणून जेवणखर्चाच्या शीर्षातले पैसे वाचले. ते पत्र्याच्या शेडवर आणि कूलरवर खर्च झाले. २०२१ मध्ये यांनी राजीनामा दिला. आता तपासणीत आक्षेप निघाला आहे. संपूर्ण अनुदान व्याजासह परत करा, १५ दिवसांत खुलासा द्या, अशी नोटीस यांच्या नावाने घरी आली आहे. 'मी एक पैसा खाल्ला नाही, संस्थेतही नाही, मग मी का भरू?' अशाच अर्थाची पत्रं मला धुळे-नंदुरबारकडूनही येतात.

गुरुजी, तुम्ही पैसा खाल्ला नाही यावर माझा विश्वास आहे. मे महिन्यात आपल्याकडे पत्र्याखाली म्हातारी माणसं कशी राहतात हे मी पाहिलं आहे. पण तुमचं प्रकरण प्रामाणिकपणावर ठरणार नाही. ते अनुदान घेताना तुम्ही स्टॅम्पपेपरवर सही केलेल्या बाँडवर, म्हणजे हमीपत्रावर ठरेल. तुमच्या चार पानी पत्रात त्या बाँडचा उल्लेख एका ओळीत आहे, आणि 'नक्कल माझ्याकडे नाही' असं तुम्ही सहज लिहून टाकलं आहे. ज्या कागदावर घर अडकतं, त्याची झेरॉक्ससुद्धा ठेवायची नाही, हे मला समजत नाही.

केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमावली, २०१७ मधल्या नियम २३१ प्रमाणे असा बाँड कार्यकारिणीचे सदस्य संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणे लिहून देतात. अनुदान दुसरीकडे वळवणार नाही, अटी पाळू, नाहीतर अनुदानाची संपूर्ण किंवा काही रक्कम दरसाल १० टक्के व्याजाने परत करू, असा त्याचा गाभा. म्हणजे सरकार पूर्ण रक्कम एकट्या तुमच्याकडेही मागू शकतं. अनुदान चार लाख धरलं तर वर्षाला चाळीस हजार व्याज चढतं, ते लक्षात घ्या. राजीनाम्याने पुढच्या कारभारातून सुटका होते, जुन्या सहीतून नाही. पदाधिकारी बदलल्याचा, धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत द्यायचा बदल अर्जही संस्थेने दिलेला दिसत नाही. पण तो दिला असता तरी २०१९-२० च्या बाँडमधून तुम्ही सुटला नसता. आक्षेपात नंतरच्या वर्षाचं अनुदान असेल आणि त्या बाँडवर तुमची सही नसेल, तर मात्र चित्र बदलतं. म्हणून आक्षेपातलं प्रत्येक वर्ष तपासा.

'सीएंनी दरवर्षी ऑडिट केलं' हे उत्तर इथे पुरणार नाही. ते ऑडिट विश्वस्त कायद्यासाठी होतं. अनुदान देणाऱ्याला हिशेब पाहण्याचा हक्क वेगळा आहे. 'इतकी वर्षं झाली, मुदत गेली' हेही सोडा. मुदतीच्या कायद्यात सरकारच्या दाव्याला ३० वर्षं आहेत.

तुमचा खरा आधार बाँडमधल्या परतफेडीच्या कलमातल्या 'किंवा काही रक्कम' या शब्दांत आहे. वृद्ध तिथे राहिले, जेवले, पगार झाले; वाद फक्त शेड-कूलरच्या रकमेचा. वसुली झालीच तर तेवढीच व्हावी, असं खुलाशात स्पष्ट मागा. सोबत निवासींचं रजिस्टर, पगारपत्रकं, बँकेचे उतारे, धान्याच्या पावत्या लावा. धान्याची नोंद साठा रजिस्टरला नसेल तर देणाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं घ्या. शेडच्या खर्चाला कार्योत्तर, म्हणजे खर्च झाल्यानंतरची मंजुरी मागा. ती मिळेलच असं सांगता येत नाही. अनुदान कशावर खर्च झालं ते सांगणाऱ्या उपयोगिता प्रमाणपत्रावर कोणाची सही आहे तेही बघा. तिथे 'जेवणावर खर्च' असं लिहून तुम्हीच सही केली असेल, तर खुलासा लिहिण्याआधी मला दाखवा. आणि कोणी किराण्याची मागच्या तारखेची बिलं आणून देत असेल, तर त्याला दारातूनच परत पाठवा. आज हे वसुलीचं प्रकरण आहे, त्या बिलांनी ते फौजदारी होईल.

लगेच औरंगाबाद खंडपीठात जाऊ, असं तुमच्या मुलाचं म्हणणं. खुलासा न देता गेलात तर आधी उत्तर द्या म्हणून परत पाठवण्याची शक्यता मोठी. दाखल करून घेतलं तरी निकालाला वर्षं लागतील, आणि स्थगिती मिळाली नाही तर मधल्या काळात वसुली थांबणार नाही. तुमचं म्हणणं न ऐकता आदेश काढला, तर याचिकेला वजन येईल. भरावं लागलंच, तर बाँडवरच्या इतर सह्यावाल्यांकडून त्यांचा वाटा करार कायद्याच्या कलम ४३ खाली मागता येतो. अध्यक्षांना आजच तसं लेखी कळवा.

पत्रावरच्या तारखेनुसार तुमचे नऊ दिवस गेलेत. माहिती अधिकारात बाँडची नक्कल मागाच, पण त्याला ३० दिवस लागतात, तोवर थांबू नका. याच आठवड्यात जळगावला समाजकल्याण कार्यालयात अंतरिम खुलासा द्या. त्यात बाँडची नक्कल, फाईल पाहण्याची परवानगी आणि प्रत्यक्ष सुनावणी, तिन्ही मागा. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय तिथून निघू नका.