घोडी लंगडतेय, घरातली वेदनाशामक गोळी देऊ का?

तुम्ही लिहिलंय की वरातीची घोडी दोन दिवसांपासून पुढचा उजवा पाय टेकवत नाही, आणि घरात डायक्लोफेनॅक आहे. ती गोळी नको. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ पासून बंदी आहे (ते औषध दिलेल्या मेलेल्या जनावरांचं मांस खाऊन गिधाडं मेली). घोड्यांना डॉक्टर फेनिलब्युटाझोन, फ्लुनिक्सिन किंवा मेलोक्सिकॅम देतात, तेही वजन बघून. दोन वेदनाशामकं एकत्र कधीच नाही. जनावर पाणी कमी पीत असेल तर याच औषधांनी मूत्रपिंडं बिघडतात, पोटात व्रण होतात.

आधी खूर बघा. दोन्ही पुढच्या खुरांना हात लावा. एक जास्त गरम लागला आणि घोट्यामागची नाडी जोरात उडत असेल, तर खुरात पू किंवा सूज असू शकते. घोडबंदर रोडच्या डांबरावर रात्रभर नाचवल्यावर दुसरं काय होणार! नाल नवी असेल तर एखादा खिळा आत लागलाय का, तेही नालबंदाकडून बघून घ्या. खिळा किंवा काच रुतलेली दिसली तर मात्र स्वतः उपटू नका. तोवर मऊ, जाड अंथरूण, पूर्ण आराम, वराती बंद.

घोडं दुखणं ओरडून सांगत नाही. कान मागे ओढलेले, डोळ्यावरची कातडी ताणलेली, नाकपुड्या ताणलेल्या, एवढंच दिसतं. स्वस्थ उभी असताना नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. साठच्या वर गेली, किंवा ती पोटाकडे वळून बघत लोळायला लागली, तर पोटशूळ असू शकतो. तेव्हा डॉक्टरांना न विचारता काहीही टोचू नका, दुखणं झाकलं जातं आणि ऑपरेशनची वेळ निघून जाते. ठाण्यात घोड्यांचा डॉक्टर मिळाला नाही तर परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा.