‘पीडित’, ‘हरवलेली’, ‘बेवारस’ : कॅनडातल्या निवासी शाळांविषयी लिहिताना

प्रश्न टोरांटोजवळच्या एका मराठी मंडळाच्या अंकासाठी आला आहे. ३० सप्टेंबरला, म्हणजे निवासी शाळांत धाडलेल्या मुलांच्या आठवणीत मुलं केशरी शर्ट घालून शाळेत जातात त्या दिवसानिमित्त, एक टिपण लिहायचं आहे. त्यात ‘निवासी शाळांतील पीडितांना मदत आणि हरवलेल्या मुलांचा शोध’ असं लिहिलं तर चालेल का? आणि ‘निवासी शाळा’ऐवजी ‘आश्रमशाळा’ म्हटलं तर वाचकांना पटकन कळेल का?

कळेल, पण भलतंच कळेल. आपल्याकडच्या आश्रमशाळांबद्दल तक्रारी कमी नाहीत, पण आईबापांपासून मूल तोडणं हा त्यांचा घोषित हेतू नव्हता. कॅनडात तो होता. १९२०मध्ये इंडियन अ‍ॅक्ट (कॅनडातल्या मूळ रहिवाशांसाठीचा कायदा) बदलून त्यांच्या ७ ते १५ वर्षांच्या मुलांना शाळेत धाडणं सक्तीचं केलं गेलं. मुलांनी आपली भाषा आणि आपली माणसं विसरावीत यासाठी सरकारच्या पैशावर चर्चसंस्था या शाळा चालवत. फर्स्ट नेशन्स, इन्यूइट आणि मेटी या तिथल्या मूळ रहिवासी समाजांतली दीड लाखाहून अधिक मुलं त्यांतून गेली. केस कापले जायचे, घरची भाषा बोललं की शिक्षा व्हायची, अनेक ठिकाणी नावाऐवजी नंबरानं हाक मारली जायची. तेव्हा ‘निवासी शाळा’च ठेवा आणि पहिल्या उल्लेखात ‘सक्तीच्या’ हे विशेषण जोडा. ‘मूलनिवासी’ हा शब्दही जपून वापरा. आपल्याकडे त्याला वेगळ्याच राजकारणाचा रंग आहे. समाजांची नावं देता आली तर उत्तम.

आता ‘पीडित’. व्याकरणात चूक नाही, पण हा शब्द माणसाला सोसणारा करून तिथंच बसवून ठेवतो. ही माणसं स्वतःला सर्व्हायव्हर म्हणवतात. त्यांनी कोर्टकचेऱ्या केल्या, त्यातून २००६चा समझोता झाला, समझोत्यातून सत्य आणि सलोखा आयोग आला. आयोगापुढं हजारो जणांनी साक्षी दिल्या आणि २०१५मध्ये ९४ शिफारशी बाहेर पडल्या. त्यांतल्या ७१ ते ७६ या बेपत्ता मुलांबद्दल आणि दफनभूमींबद्दल आहेत. तुमच्या वाचकांना तासाभराच्या अंतरावरचं उदाहरण द्यायचं तर ब्रँटफर्डचं मोहॉक इन्स्टिट्यूट घ्या. १८३१पासून तिथं मुलं ठेवून घेत, शाळा १९७०मध्ये बंद झाली. आज तिथल्या जमिनीचा आणि कागदपत्रांचा शोध ज्या संस्थेकडं आहे, ती त्या शाळेतून वाचलेल्यांचीच आहे. त्यांना ‘पीडित’ म्हणून वर ‘मदत’ देऊ केली तर कोण कुणासाठी काय करतंय हेच उलटं होतं.

मग ‘वाचलेले’? चालेल, पण ‘शाळेत वाचलेले’ असं लिहिलंत तर लोक पुस्तक शोधू लागतील. ‘निवासी शाळांच्या छळातून वाचलेले’ असं पहिल्यांदा पूर्ण लिहा, पुढं नुसतं ‘वाचलेले’ पुरतं. ‘माजी विद्यार्थी’ मात्र नकोच. त्या शब्दाला आपल्याकडं स्नेहसंमेलनाचा वास आहे.

‘मदत’ऐवजी मी ‘सोबत’ लिहीन. साक्षी-सुनावण्यांच्या वेळी वाचलेल्यांजवळ आधार-कार्यकर्ते आणि समाजातले ज्येष्ठ बसत. शोधाची बातमी आली की जुनं सगळं वर येतं, म्हणून त्यांच्यासाठी चोवीस तास चालणारी फोनसेवा आहे. याला सोबतच म्हणायचं.

‘हरवलेली मुलं’ वाचलं की जत्रेत हात सुटलेलं पोर डोळ्यांपुढं येतं. इथं हात सुटला नव्हता, सोडवला होता. ‘बेपत्ता’ त्यातल्या त्यात बरा, फक्त तो पोलीस-तक्रारीतला शब्द आहे आणि इथं दखल घेणारंच कुणी नव्हतं. डॉक्टर पीटर ब्राइस यांनी १९०७मध्येच क्षयानं मरणाऱ्या मुलांबद्दल सरकारला लिहून दिलं होतं. खर्च नको म्हणून मृतदेह सहसा घरी पाठवले जात नसत, कित्येक आईबापांना कळवलंही जात नसे. आयोगाला सापडलेल्या मृत्यूनोंदींपैकी जवळजवळ एक तृतीयांश नोंदींत मुलाचं नावच नाही. सरकारनं नेमलेल्या विशेष मध्यस्थ किंबर्ली मरे यांनी २०२४च्या अंतिम अहवालात या मुलांना सक्तीनं नाहीसं केलं गेलं, असाच निष्कर्ष काढला. मराठीत ‘नाहीशी झाली’ आणि ‘नाहीशी केली’ यांत एका क्रियापदाचा फरक आहे, तो पाळा. शीर्षकासाठी ‘घरी न परतलेली मुलं’ हे मला सगळ्यात योग्य वाटतं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण टिपणात येणारच अशी एक जागा आहे. २०२१च्या मे महिन्यात ब्रिटिश कोलंबियातल्या कॅमलूप्सच्या जुन्या निवासी शाळेची बातमी आली तेव्हा बऱ्याच ठिकाणी ‘सामूहिक कबर’ आणि ‘२१५ मृतदेह सापडले’ असं छापून आलं. दोन्ही चूक. जमिनीत लहरी सोडणाऱ्या रडारला हाडं दिसत नाहीत, माती पूर्वी हलवली गेल्याच्या खुणा दिसतात. तिथं उत्खनन झालेलं नव्हतं. म्हणून ‘संभाव्य कबरींच्या खुणा आढळल्या’ इतकंच लिहा. पुढच्या महिन्यात सस्कॅचवानमधल्या कावेसेस या फर्स्ट नेशननं मेरिव्हल निवासी शाळेजवळच्या ७५१ कबरींबद्दल सांगितलं. ती दफनभूमी माहीत होती, गेल्या होत्या त्या कबरींवरच्या खुणा. शिवाय तिथं फक्त मुलंच पुरलेली आहेत असा दावा त्यांनी केला नव्हता.

अशा कबरींना ‘बेवारस’ मात्र चुकूनही म्हणू नका. मराठी बातमीदाराच्या हाताला तो शब्द आपोआप येतो. बेवारस म्हणजे ज्यावर हक्क सांगायला कुणी नाही तो. या मुलांचे भाऊ, बहिणी, भाचे हयात आहेत, आणि विनिपेगच्या सत्य आणि सलोखा केंद्रातल्या नावांच्या नोंदवहीत अजून भर पडते आहे. ‘खूण नसलेल्या कबरी’ लिहा. लांबलचक वाटेल, वाटू द्या.

तुमचं वाक्य मग असं होईल : ‘सक्तीच्या निवासी शाळांच्या छळातून वाचलेल्यांना सोबत आणि घरी न परतलेल्या मुलांचा शोध’. शीर्षकात मावलं नाही तर ‘सक्तीच्या’ गाळून ते पहिल्या परिच्छेदात घ्या.