टोपणासकट पेन पाठवायची घाई करू नका

तुमची पोस्ट वाचली आणि माझंच जुनं दुखणं कुणीतरी लिहिलंय असं वाटलं. सणाची नक्षी असलेलं मर्यादित आवृत्तीचं शाईचं पेन, दोन दिवस बंद राहिलं की तिसऱ्या दिवशी पहिल्या ओळीला शाईच उतरत नाही, आणि दुरुस्ती केंद्र म्हणतंय की टोपणासकट पूर्ण पेन पाठवा. पाठवू का, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर: आत्ता अजिबात नको. मी पाठवलं होतं.

माझं पेन गडद लाल लॅकरचं, म्हणजे चकचकीत रोगणाचं होतं. दांड्यावरून सोनेरी रेघा वर चढत जायच्या आणि टोपणावर त्यांची आतषबाजी फुटायची. टोपण फिरवून बंद करताना रेघ रेघेला जुळली की हात आपोआप थांबायचा. आवृत्तीचा क्रमांक टोपणाच्या कड्यावर कोरलेला होता. त्रास तोच, तुमच्यासारखा. केंद्राच्या अर्जात ‘तक्रार’ या रकान्यात मी फक्त ‘पेन नीट लिहीत नाही’ एवढंच लिहिलं. सगळ्यात महागात पडलेली चूक ती. एवढ्या मोघम वाक्यावर समोरच्याला वाटेल ते करायची मुभा मिळते.

सात आठवड्यांनी पेन परत आलं ते साध्या लाल टोपणासह. रेघा दांड्याच्या टोकाला येऊन तिथेच तुटलेल्या. कड्यावर क्रमांक नाही. सोबतच्या चिठ्ठीत ‘टोपण बदलले, पेन पूर्ण कार्यक्षम आहे’. फोन केला तर कळलं की या आवृत्तीचे सुटे भाग ते ठेवतच नाहीत, म्हणून नेहमीच्या मॉडेलचं टोपण बसवलं. जुनं कुठे आहे? ‘बदललेले भाग परत देत नाही, नष्ट करतो.’ एक फोन करून आधी विचारता आलं नसतं का? चार पत्रं लिहिली, चारही वेळा तीच दोन वाक्यं उत्तरात आली. आजही त्या पेनाने लिहितो, पण टोपण लावताना तिकडे बघवत नाही.

आणि पेन तरीही सुकतच होतं! दोष टोपणात नव्हताच. पेनाबरोबर आलेल्या चमकीच्या शाईचा तो प्रताप होता. अशा शाईतली चमक म्हणजे बहुतेक वेळा अभ्रकाचे बारीक कण. ते विरघळत नाहीत, नुसते तरंगतात आणि पेन पडून राहिलं की खाली बसतात. निबखालच्या जिभेतल्या, म्हणजे निबेला शाई पुरवणाऱ्या तुकड्यातल्या खाचा केसासारख्या असतात. अमेरिकेतल्या लुईस वॉटरमनने १८८४ साली शाईच्या पेनाचं पेटंट घेतलं तेव्हापासून खेळ तोच आहे: त्याच खाचांतून शाई खाली येते आणि तिच्या जागी हवा वर जाते. त्यात कण साचले की दोन्ही वाटा अडतात. सणाच्या पेनासोबत चमकीची शाई देणाऱ्यांनी हे खोक्यावर ठळक छापायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून आधी दोष कुठे आहे ते घरीच ठरवा. निब धुऊन साधी निळी शाई भरा. मग टोपण लावून पेन घट्ट बसेल अशा छोट्या झिपच्या पिशवीत दोन दिवस ठेवा. बाहेर काढल्यावर लगेच लिहिलं, पण पिशवीशिवाय ठेवल्यावर पुन्हा सुकलं, तर टोपणातून हवा जाते. दोन्ही वेळा अडलं, तर निब किंवा जीभ. दोन्ही वेळा चाललं, तर शाईच दोषी होती. टोपण घट्ट असण्याने किती फरक पडतो म्हणाल, तर प्लॅटिनम या जपानी कंपनीच्या ‘३७७६ सेंच्युरी’ पेनात टोपणाच्या आत स्प्रिंगवरचं दुसरं टोपण आहे आणि शाई दोन वर्षं सुकत नाही असा कंपनीचा दावा आहे.

धुण्याबद्दल एवढंच, की माझं पेन तीन दिवस धुतल्यावर मोकळं झालं. पहिल्या दिवशी पाणी स्वच्छ दिसलं म्हणून थांबलो असतो तर फसलो असतो. रात्रभर निब खाली करून घडी घातलेल्या टिश्यूवर उभी ठेवली, तर सकाळी टिश्यूवर पुन्हा चमकीचा डाग. पाणी साधंच घ्या, गरम नको. स्पिरिट तर मुळीच नको, काही प्लास्टिक आणि लॅकर त्याने खराब होतात. नक्षीचा भाग पाण्यात बुडवू नका.

दोष निबेचाच निघाला आणि तुमचं पेन कार्ट्रिज (शाईची तयार नळी) किंवा कन्व्हर्टरचं (शाई ओढून भरायची सुटी नळी) असेल, तर निबेसकट पुढचा भाग फिरवून काढा आणि तेवढाच पाठवता येईल का ते विचारा. पिस्टनच्या, म्हणजे दांड्यातच शाई ओढून घेणाऱ्या पेनात हे जमणार नाही, उगाच जोर लावू नका. पूर्ण पेन पाठवावंच लागलं तर क्रमांकाचे आणि नक्षीचे फोटो काढून ठेवा आणि अर्जात स्पष्ट लिहा: ‘माझ्या लेखी संमतीशिवाय कोणताही भाग बदलू नये. बदलल्यास मूळ भाग परत करावा.’ त्याची पोच घ्या. पोच द्यायला कुणी खळखळ केली, तर मी पेन तिथूनच परत नेईन.

मी दुरुस्तीवाला नाही, वीस वर्षं शाईच्या पेनांनी लिहिणारा माणूस आहे. वॉरंटीच्या अटी तुमच्या तुम्ही वाचा. निबेचे टाइन्स, म्हणजे चिरेच्या दोन बाजूंची पाती, स्वतः वाकवले तर ती बहुधा जाईल. सगळी केंद्रं वाईट असतात असंही नाही, एका ठिकाणी माझी दुसरी निब फार मायेने सरळ करून दिली होती.

पिशवीत ठेवून काय झालं ते इथे कळवा, आणि आत्ता कोणती शाई भरलीय तेही. चमकीची असेल तर आज रात्रीच काढून टाका.